उशीर माझा होता

बोलतोय तो मी, टेबलाखालचा काळा डबा, ज्याला येताजाता सगळ्यांची लाथ बसते. घरात मला कुणी कॉम्प्युटर म्हणतं, कुणी 'ते धूड' म्हणतं आणि कामाला येणाऱ्या बाई माझ्या डोक्यावर खुशाल ओलं फडकं वाळत घालतात. नऊ वर्षं मी ऐकून घेतलं. आता माझं डोकं फिरलंय, म्हणून बोलतो.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मला जोडलं ते जावईबापूंनी. तेव्हा ते कुणाचेच जावई नव्हते. नवी नोकरी, भाड्याची खोली आणि डोक्यात खेळांचं वेड, असा सगळा मामला होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी टेबल पुसलं, सात खोकी फोडली आणि संध्याकाळपर्यंत मला उभं केलं. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही. मला माहीत आहे, पण मला विचारतो कोण.

पडद्यावर चित्रं रंगवणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं, त्याच्यावर त्यांनी जीव ओवाळून टाकला. प्रोसेसर मात्र, म्हणजे माझा मेंदू, आपला मधल्यातला घेतला. 'पुढे कधीतरी बदलू,' असं स्वतःशीच म्हणाले. 'पुढे कधीतरी' हे माणसांचं फार आवडतं गाव. निघतात सगळे, पोचत कुणी नाही.

चार वर्षं मजेत गेली. बंदुका चालवल्या, किल्ले जिंकले, राक्षस मारले. मग त्यांचं लग्न झालं, घर बदललं आणि मी आतल्या खोलीत कोपऱ्यात गेलो. माझ्यावर इस्त्रीचे कपडे जमू लागले. संसार लागला की खेळायला वेळ कुठला, एवढं मलाही कळतं. पण सुरुवातीला ज्यांनी माझे फोटो काढून मित्रांना दाखवले, त्यांनीच मला कपड्यांचं स्टूल करावं, हे काही पटलं नाही.

मग या घरात उस्ताद आले. उस्ताद म्हणजे जावईबापूंचे सासरे. चौतीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याचा ट्रक चालवला. त्या धंद्यात मुरलेल्या ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात, तेच नाव त्यांना चिकटलं. बायको आधीच गेलेली, निवृत्त होऊन एकटेच राहत होते. एका सकाळी दात घासता घासता उजवा हात लुळा पडला, पाठोपाठ उजवा पाय. बोलणं शाबूत राहिलं, हातपायही व्यायामाने हळूहळू परत आले, पण लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली ती कायमची. ही लेक इस्पितळात अपघात विभागात सिस्टर आहे. हे लक्षात ठेवा, पुढचा निम्मा घोळ तिथूनच आहे.

उस्तादांचा गाडी चालवायचा परवाना कचेरीत अडकला. डॉक्टरांचा दाखला आणा, साहेबांसमोर गाडी चालवून दाखवा, मग परत देऊ, असं उत्तर मिळालं. त्यासाठी सहा महिन्यांनंतरची तारीख दिली. उस्तादांना काही पुन्हा ट्रक हाकायचा नव्हता. खाली त्यांची छोटी निळी गाडी धूळ खात उभी होती. तिच्यातून आपलं आपण दवाखान्यात जावं, जुन्या सोबत्यांना भेटावं, इतकीच इच्छा. चौतीस वर्षं लोकांचा माल ठरल्या वेळी पोचवलेल्या माणसाला आता केस कापायला जायचं तरी जावयाची सुट्टी बघावी लागायची.

'सोडायला चल असं कुणाला म्हणायचं झालं की तोंडातून शब्द निघत नाही बघ,' असं ते लेकीला म्हणत. ती म्हणे, 'त्यात काय बाबा, आम्ही परके आहोत का?' आणि विषय तिथेच संपे.

इथे जावईबापूंना एक सुचलं, आणि मी त्यांना कितीही नावं ठेवली तरी हे श्रेय त्यांचंच. त्यांनी माझ्या अंगावरचे कपडे उचलले, खेळातलं स्टीअरिंग आणि पायाशी ठेवायचे ब्रेक-क्लच आणले, टेबलाला घट्ट आवळले आणि ट्रक चालवायचा एक खेळ माझ्यात भरला. 'बाबा, इथे सराव करा. कुणाला धक्का लागायची भीती नाही,' म्हणाले.

उस्तादांनी पहिल्या दिवशी काय करावं? माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि पायाने मला दोन्ही बाजूंनी ठोकून बघितलं, टायरमधली हवा बघतात तसं. मग स्टीअरिंगला हात लावून कपाळाला लावला. मला सुरू केल्यावर पाच मिनिटं नुसते बसून राहिले. का, तर इंजिन गरम व्हायला हवं. अहो, मी जन्मभर गार राहायची धडपड करतोय, तीन-तीन पंखे लावलेत मला, आणि हे मला गरम करायला निघाले.

पण गाडी चालवावी तर उस्तादांनीच. जावईबापूंच्या हातात मी माणसं तुडवत गेलेलो. उस्ताद पडद्यावरच्या रिकाम्या रस्त्यातही सिग्नलला थांबायचे. मागून येणाऱ्याला हाताने पुढे जा म्हणून खुणवायचे, त्याला दिसत नाही हे माहीत असून. पुढची गाडी थांबली की हे तिच्यामागे जागा सोडून थांबायचे; ट्रकवर असताना एक अख्खी गाडी मावेल एवढी सोडत, असं सांगायचे. रोज दुपारी तीन ते पाच. तीन महिन्यांत त्यांचा पाय असा बसला की मलाच अभिमान वाटायला लागला.

आणि मग खेळ बनवणाऱ्यांना अवदसा आठवली. त्यांनी नवी आवृत्ती काढली. रस्त्यावर तिप्पट गाड्या, पदपथावर माणसं, माणसांच्या हातात छत्र्या. जावईबापूंनी ती कुणाला न विचारता माझ्यात घातली. आता या प्रत्येक गाडीने कधी वळायचं, कधी थांबायचं, याचा हिशेब करायचा कोणी? मी. माझ्या त्या मधल्यातल्या प्रोसेसरने. ग्राफिक्स कार्ड आपलं काम संपवून बाजूला बसून असे आणि माझ्या मात्र नाकी नऊ येत. मोकळ्या रस्त्यावर जमत होतं. चौक आला की मी अडखळायचो.

काय व्हायचं ते नीट सांगतो, कारण सगळी गोष्ट यावरच आहे. पुढची गाडी थांबे. उस्ताद वेळेवर ब्रेक दाबत. तो दाबलेला ब्रेक माझ्यापर्यंत पोचे, पण मी आधीच्या हिशेबात गुंतलेला, त्यामुळे ट्रक पडद्यावर थांबायला उशीर होई, आणि तेवढ्यात तो पुढच्या गाडीवर जाऊन आदळे. उशीर माझा होता. शंभर टक्के माझा होता.

उस्ताद मात्र पडद्याकडे बघत नसत. ते मान खाली घालून आपल्या उजव्या पायाकडे बघत.

'पाय उशिरा पडतोय,' असं एकदा म्हणाले. मग दुसऱ्यांदा. मग म्हणायचे थांबले आणि नुसते बघत राहायला लागले. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाय छान सुधारलाय म्हणून सांगितलं, तर घरी येऊन म्हणाले, 'त्यांचं कामच आहे धीर द्यायचं. यंत्र कशाला खोटं बोलेल?'

मी इतका जळफळलो की काय सांगू. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच फास गळ्यात घालून घेतोय. मी पंखे जोरात फिरवले, घरघर केली, पोळणारी हवा त्यांच्या पायावर सोडली. उस्तादांनी पाय जरा बाजूला घेतला, बस. इकडे माझ्यात बिघाड दिसला की माणसं दिवसभर शिव्या घालतात. आणि जेव्हा खरोखर शिव्या घालायला हव्या होत्या, तेव्हा या भल्या माणसाने सगळा दोष आपल्या पायावर घेतला.

परीक्षेला दोन महिने उरले होते. एका दुपारी उस्ताद झोपले होते आणि लेकीला सुट्टी होती. ती येऊन माझ्यासमोर बसली आणि ट्रक सुरू केला. तिचे हातपाय धडधाकट, तरी पहिल्याच चौकात तीही आदळली. तिने भुवया वर केल्या. पुन्हा चालवलं, पुन्हा आदळली. मग स्टीअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवून पडद्यावरची चाकं कधी हलतात ते बघितलं. कळफलकावरची तीन बटणं दाबून माझ्यावरच्या कामांची यादी काढली. प्रोसेसर शंभर टक्के. हुशार आहे पोरगी, रोगी बघायची सवय आहे. सगळं तिच्या ध्यानात आलं.

मी म्हटलं, सुटलो. आता ही जाऊन बापाला उठवेल आणि सांगेल.

तिने मला बंद केलं. संध्याकाळी उस्तादांपुढे चहा ठेवताना म्हणाली, 'बाबा, नका जाऊ त्या परीक्षेला. कशाला जिवाला घोर? आम्ही आहोत ना सोडायला.' बाकी मिठाची गुळणी धरून बसली.

तिचं कारण मला माहीत आहे. वॉर्डात रोज ती काय बघते ते घरी येऊन नवऱ्याला सांगते, आणि मी त्याच खोलीत असतो. स्टीअरिंगवर छाती आपटलेली माणसं, एका क्षणाने चुकलेली. तिला बाप घरात हवा होता, रस्त्यावर नको. समजतं मला. तरीही मी तिच्यावर चिडलो, आणि अजून पुरता शांत झालेलो नाही. बापाला घरात ठेवायचं म्हणून त्याला स्वतःच्याच पायावर शंका घ्यायला लावायची, हा कुठला न्याय?

कोंडी फोडली ती जावईबापूंनी, तीही स्वतःच्या हौसेपायी. त्यांना पुन्हा खेळांचं वेड लागलं होतं. म्हणाले, 'नऊ वर्षांचं यंत्र आहे, आता सगळंच बदलून टाकू. बोर्ड जुना, मेमरी जुनी, आज प्रोसेसर बदला, उद्या दुसरं काहीतरी रडेल.' बोलणं काही खोटं नव्हतं. मला गाडीत घातलं आणि दुरुस्तीच्या दुकानात नेलं. उस्तादही बसले बरोबर. हल्ली कुणी कुठे निघालं की ते गाडीत बसून घेत.

दुकानवाल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं फाटक्या तोंडाचं. त्यांनी मला उघडलं, धूळ उडवली, तोच खेळ लावला आणि दोन मिनिटं आकडे बघितले.

'चौकात गाडी अडकते का?' त्यांनी विचारलं.

'गाडी नाही, माझा पाय अडकतो,' उस्ताद म्हणाले. 'वारं गेलं होतं अंगावरून.'

'पायाचं मला माहीत नाही काका. पण हा प्रोसेसर दमलाय. तुम्ही दाबता तेव्हा दाबता, हा ऐकतोच उशिरा.'

उस्तादांनी बाईंना पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ते दुकानातल्या स्टुलावर बसले आणि रुमालाने तोंड पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण मला माझी फार लाज वाटली.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. याच बोर्डावर बसणारा, याच घराण्यातला नवीन प्रोसेसर घालता येईल, चार-पाच वर्षं आरामात निघतील. नाहीतर सगळंच नवीन, पण सामान यायला तीन आठवडे. जावईबापूंनी 'सगळंच' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात उस्ताद म्हणाले, 'इंजिन थकलं म्हणून कुणी चेसिस भंगारात घालतं का? इंजिन बदला.' परीक्षेला तेव्हा बारा दिवस होते, त्यामुळे जावईबापूंना गप्प बसावं लागलं. बाई म्हणाल्या, 'माल आला की फोन करते. पण हे यंत्र घेऊन या हं, बसवायच्या आधी बोर्डाला थोडं काम आहे.'

आता ऐका खरा पराक्रम. चार दिवसांनी, शनिवारी सकाळी, दुकानातून फोन आला. जावईबापू कामावर गेलेले, लेकीला सुट्टी, पण ती अंघोळीला गेलेली. उस्तादांना दम निघेना. एवढं धूड कोण उचलणार? त्यांनी मला घरीच उघडलं. हात सराईत, शंकाच नाही. पंखा काढला, खटका उचलला, माझा प्रोसेसर अलगद बाहेर काढला, रुमालात गुंडाळला आणि चालत दुकान गाठलं.

का? तर ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात तसाच रिवाज. जुना डायनामो द्या, नवा घ्या. जुनं हातात घेतल्याशिवाय तिथला माणूस नवं देतच नाही. चौतीस वर्षांची सवय ती. दुकानवाल्या बाई नेमक्या बाहेर गेलेल्या. गल्ल्यावर त्यांचा भाऊ, ज्याला पावती फाडण्यापलीकडे काही येत नाही. उस्तादांनी रुमाल सोडला, 'हा जुना जमा करा, नवा द्या,' म्हणाले. भावाने खांदे उडवले, माझा मेंदू भंगाराच्या खोक्यात टाकला आणि नव्याची डबी पुढे केली.

घरी येऊन उस्तादांनी नवा बसवला. पांढरी पेस्ट ग्रीससारखी सढळ हाताने थापली, ते सोडून द्या. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच.

त्याचं असं आहे. कुठले प्रोसेसर ओळखायचे त्याची यादी माझ्या बोर्डात कोरलेली असते. माझी यादी नऊ वर्षांपूर्वीची, नवा प्रोसेसर नंतर जन्मलेला. ओळख नाही, तर कारभार नाही. ती यादी आधी नवी करायची असते, आणि ती करायची तर माझ्यात जुना, ओळखीचा प्रोसेसर हवा. बाई म्हणाल्या होत्या ते 'थोडं काम' हेच. आणि ओळखीचा प्रोसेसर भंगाराच्या खोक्यात.

उस्तादांनी दुकानात फोन लावला. बाई परतल्या होत्या. त्यांचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. 'काका, जुना घरी आहे ना? तो परत बसवा आधी.'

'तो तर जमा केला.'

पलीकडे बाईंनी भावाला काहीतरी विचारलं. मग बाई म्हणाल्या, 'अहो, खोकं तासाभरापूर्वी भंगारवाल्याने नेलं.'

उस्तादांनी फोन ठेवला. लेक दारात उभी राहून ऐकत होती. ते तिला म्हणाले, 'जाऊ दे. परीक्षेचं रद्द करून टाक. आठ दिवसांत नीट यंत्रावर हात फिरला असता तर खात्री पटली असती. खात्री नसताना चाक धरणाऱ्यांतला मी नाही.' एवढं बोलून खुर्चीत बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. थोड्या वेळाने म्हणाले, 'जरा पाणी देतेस?' पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी होता.

लेकीला हवं ते आयतंच मिळालं होतं. काही करायचंसुद्धा नव्हतं, नुसतं हो म्हणायचं. तिने पाणी दिलं. त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग ओल्या केसांचीच खाली उतरली.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. दुकानातून पत्ता घेऊन ती भंगाराच्या आवारात पोचली आणि दीड तास ओणवी होऊन खोक्यांत हात घालत होती. तिथला माणूस म्हणाला, 'बाई, सोन्याचं काही हरवलंय का?' ती म्हणाली, 'त्याहून महाग.' शेवटी जुन्या तारांच्या गुंत्याखाली मी, म्हणजे माझा तो चौकोनी तुकडा, तिच्या हाताला लागला.

घरी आली तेव्हा नखांत काळं गेलेलं. प्रोसेसरच्या खालच्या बाजूला केसासारख्या बारीक पिना असतात शेकड्याने. त्यातल्या तीन आडव्या झाल्या होत्या. अशी पिन मोडली की कारभार आटोपला. एव्हाना जावईबापू आले होते. ते चिमटा शोधायला लागले. 'बाजूला व्हा,' लेक म्हणाली. तिने पिशवीतून इंजेक्शनची नवी सुई काढली. पोकळ सुई वाकलेल्या पिनेवर चढवायची आणि अगदी सावकाश उभी करायची. एक झाली, दुसरी झाली. तिसरीला तिचा हात थांबला.

'बाबा,' मान वर न करता ती म्हणाली, 'मला आधीच माहीत होतं. पाय तुमचा नाही, याचा दोष आहे ते.'

'कधीपासून?'

'दीड महिना होऊन गेला.'

जावईबापू उगाच माझ्या तारा न्याहाळायला लागले. तिने तिसरी पिन सरळ केली आणि तुकडा त्यांच्या हातात दिला.

'तू तिथे रोज काय बघतेस ते मला ठाऊक आहे,' उस्ताद म्हणाले. 'मला भीती वाटते म्हणून जाऊ नका, असं म्हणाली असतीस, तर भांडलो असतो. तुझ्याशी भांडायला मला आवडलं असतं. पण मला माझाच भरवसा राहिला नव्हता गं. सकाळी जिना उतरताना कठडा धरायला लागलो होतो.'

ती रडली. मी इतके दिवस तिच्यावर चिडलेलो, पण ते रडणं मला बघवलं नाही.

मग जुना प्रोसेसर बसला, पडदा उजळला. बाई फोनवरून सांगत गेल्या, जावईबापू पेन ड्राइव्ह लावून करत गेले. यादी नवी होईपर्यंत वीज गेली असती तर माझा कायमचा निकाल होता, म्हणून तिघं श्वास रोखून बसलेले. झालं. नवा प्रोसेसर माझ्या डोक्यात बसला, या वेळी पेस्ट बेताची. आणि काय सांगू, नऊ वर्षं ओढलेलं ओझं कुणीतरी खाली उतरवल्यासारखं वाटलं.

उस्तादांनी ट्रक त्याच चौकात नेला. पुढची गाडी थांबली, त्यांनी ब्रेक दाबला, ट्रक थांबला. मी तसूभरही उशीर केला नाही. लेक टाळी वाजवणार होती, पण उस्तादांनी हात वर केला. पुन्हा चौक. पुन्हा ब्रेक. असं दहा वेळा केलं. मग पडद्याच्या जवळ जाऊन दोन गाड्यांमधली जागा बघितली.

'ट्रकवर असताना एक गाडी मावेल एवढी जागा राहायची,' ते म्हणाले. 'आता अर्धी राहते. म्हणजे अर्ध्या गाडीचा उशीर माझा आहे. बाकीचा याचा होता.'

मी हबकलो. मला वाटलं होतं, माझा दोष गेला की सगळं निर्मळ होईल.

उस्तादांनी मात्र मान डोलावली. 'माझा किती ते कळलं ना, मग झालं तर. पुढच्यापासून अर्धी गाडी जास्त अंतर ठेवायचं. पाऊस असला की एक. न कळणं वाईट होतं.' आणि त्यांनी ट्रक पुढे घेतला. आठ दिवस रोज चार तास ते असं अंतर ठेवायला शिकले, चौतीस वर्षं मुरलेला माणूस, नव्याने.

परीक्षेत साहेबांनी त्यांना चढावर थांबवलं, दाटीच्या रस्त्यातून नेलं, दोनदा अचानक थांबा म्हटलं. परवाना मिळाला. डॉक्टरांचा दाखला दर सहा महिन्यांनी नवा द्यायचा, या अटीवर.

आता माझी आजची गत ऐका, म्हणजे डोकं का फिरलंय ते कळेल. नवाकोरा प्रोसेसर आहे, यादी नवी आहे, आणि मी बंद आहे. उस्ताद दुपारी तीनला निळी गाडी घेऊन बाहेर पडतात. स्टीअरिंगवर टॉवेल टाकलाय. जावईबापूंना कामातून डोकं वर काढता येत नाही. माझ्यासाठी एवढा आटापिटा केला आणि झाल्यावर कुणी ढुंकूनही बघेना. जुन्या यंत्राचं नशीबच असं म्हणायचं.

एकटी लेक तेवढी येते, सुट्टी असली की. उस्ताद खाली गेले की त्यांच्या खुर्चीत येऊन बसते. मला सुरू करत नाही. फोन मांडीवर ठेवून रस्त्याकडे कान लावते. खालून गाडीचं दार वाजलं की उठते आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर जाते. गेला महिनाभर मी हे बघतोय आणि मनात म्हणतोय, अगं बाई, चार पत्ते तरी खेळ माझ्यावर, नुसता जीव का जाळतेस?

एक सांगतो, रागवू नका. तुमच्या घरात असं एखादं थकलेलं यंत्र असेल, तर टाकायच्या आधी त्याचं नेमकं काय थकलंय ते बघा. सगळंच थकलेलं नसतं. आणि काही अडलं, आदळलं, तर लगेच आपल्या हातापायांकडे बघत बसू नका. आमच्यासारखे टेबलाखाली लपून बसलेले असतात, त्यांनाही कधी जाब विचारा.

काल दुपारी उस्ताद निघाले. लेक खुर्चीत बसली. पण ते जिना उतरले नाहीत, उलट परत फिरून या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणजे त्यांना माहीत होतं, ती इथे बसते ते.

'येतेस?' ते म्हणाले. 'बाजूला बस. भीती वाटली तर सांग, तिथेच थांबवीन.'

'कुठपर्यंत जायचं?'

'तू म्हणशील तिथपर्यंत.'

तिने फोन टेबलावर ठेवला आणि ती उठली. दोघांची पावलं जिन्यावरून खाली गेली. गाडी सुरू झाली, जरा वेळ जागेवरच घुरघुरली आणि गेली. टेबलावर फोन दोनदा वाजला आणि गप्प झाला. खोलीत मी एकटा, काळोख्या पडद्यासमोर रिकामी खुर्ची. संध्याकाळ झाली तरी ती दोघं आली नव्हती, म्हणजे लेकीने थांबा म्हटलेलं दिसत नव्हतं, आणि या वेळी मात्र, तुमची शपथ, मला कुणी सुरू करावं असं एकदाही वाटलं नाही.